इंग्रजीतला थोरला-धाकटा आणि चिनी विद्यार्थी

‘माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे’ हे वाक्य इंग्रजीत सांग, असे एखाद्या खेड्यातल्या मुलाला म्हटले, तर तो बहुधा ‘बिगर’ हा शब्द वापरील. गुरुजी तो खोडतील आणि वर ‘ओल्डर’ लिहितील. आता गंमत अशी, की नेमकी हीच चूक, नेमक्या ह्याच ठिकाणी, चीन देशातला मुलगाही करतो. मराठी आणि चिनी ह्या भाषांचे कूळ वेगळे, लिपी वेगळी, व्याकरण वेगळे. तरी दोन्ही मुले एकाच दगडाला ठेचाळतात. असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेलो, की भाषेबरोबर घरातली, शाळेतली आणि कचेरीतली माणसेही दिसू लागतात. म्हणून आज इंग्रजीतल्या वयाच्या, मानाच्या आणि हुद्द्याच्या शब्दांकडे आपण चिनी विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पाहणार आहोत.

चीनमध्ये २००१ सालापासून प्राथमिक शाळेच्या तिसरीपासून इंग्रजी शिकवायचे धोरण आले. आठनऊ वर्षांचे मूल इंग्रजी शब्द गिरवू लागते, आणि पहिल्याच काही धड्यांत त्याला ‘ब्रदर’, ‘सिस्टर’, ‘अंकल’, ‘टीचर’ हे शब्द भेटतात. शब्द सोपे, पाठ करायला वेळ लागत नाही. अडचण येते ती ते वापरताना.

आधी तो ‘मोठा’ शब्द पाहू. चिनी भाषेत ‘दा’ म्हणजे मोठा. घर दा, डोंगर दा, आणि वयाने थोरला असलेला माणूसही दा. आपणही मोठे घर म्हणतो, मोठा मुलगा म्हणतो आणि मोठा अधिकारीही म्हणतो. आकार, वय आणि अधिकार ह्या तिन्ही गोष्टी आपण एकाच मापाने मोजतो, आणि चिनी माणूसही तसेच करतो. इंग्रजीने मात्र वेगवेगळी मापे ठेवली आहेत. आकारासाठी ‘बिग’, वयासाठी ‘ओल्ड’, हुद्द्यासाठी ‘हाय’ किंवा ‘सीनियर’. ‘बिग ब्रदर’ असे इंग्रज मूल लाडाने म्हणते खरे. पण ‘दोन वर्षांनी बिगर’ असे ते कधी म्हणणार नाही. म्हणजे बघा, आपल्या मुलाची चूक ही निष्काळजीपणाची नसते. आपल्या भाषेतला चोख व्यवहार तो दुसऱ्या भाषेच्या बाजारात करू पाहतो, आणि तिथे ते नाणे चालत नाही, इतकेच.

चिनी लिपीत आणखी एक अक्षर आहे. त्याचा एक उच्चार साधारण ‘जांग’ असा होतो. ह्या एकाच अक्षराचे अर्थ तीन : वाढणे, वडीलधारा असणे आणि प्रमुख असणे. शहराचा ‘जांग’ म्हणजे महापौर, शाळेचा ‘जांग’ म्हणजे मुख्याध्यापक, जहाजाचा ‘जांग’ म्हणजे कप्तान, आणि घराचा ‘जांग’ म्हणजे पालक. जो आधी वाढला तो वडील, आणि जो वडील त्याच्या हाती कारभार, असा हा सरळ विचार एका अक्षरात बसलेला आहे. आपला ‘वडील’ हा शब्दही ह्याच वाटेने गेला आहे. जन्मदाता तो वडील, वयाने थोर तोही वडील, आणि ‘वडीलकी’ म्हणजे घरातला अधिकार. इंग्रजी शिकताना ह्या चिनी मुलाला ‘जांग’ची गाठ सोडवावी लागते. महापौराला ‘मेयर’, मुख्याध्यापकाला ‘हेडमास्टर’, कप्तानाला ‘कॅप्टन’ आणि पालकाला ‘पेरेंट’. चार शब्द, आणि त्यांत आपसांत काही नाते दिसत नाही.

आता घरात शिरू. इंग्रजीत भाऊ म्हणजे ‘ब्रदर’; थोरला की धाकटा, हे तो शब्द सांगत नाही. चिनीत अशी सोय नाही. थोरला भाऊ ‘गऽगऽ’, धाकटा भाऊ ‘दीदी’, थोरली बहीण ‘जिएजिए’ आणि धाकटी बहीण ‘मेइमेइ’. होय, आपल्या कानाला चमत्कारिक वाटेल, पण चीनमध्ये ‘दीदी’ म्हणजे धाकटा भाऊ! ‘तो भावाबरोबर बाजारात गेला’ असे साधे इंग्रजी वाक्य चिनीत आणायचे, तर भाषांतरकार आधी विचारतो, भाऊ थोरला की धाकटा? पुस्तकात ते दिले नसेल तर त्याची पंचाईत होते. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंबद्दल लिहायचे, तर दोघांना मिळून ‘बंधू’ म्हणायला चिनीत जोडशब्द आहे. पण एकेकट्याबद्दल बोलायची वेळ आली, की १८६७ साली जन्मलेला विल्बर थोरला आणि १८७१ साली जन्मलेला ऑर्विल धाकटा, हे माहीत असावेच लागते. आपली मराठी ह्या दोघींच्या मधोमध उभी आहे. आपला ‘भाऊ’ इंग्रजीसारखा मोघम आहे. पण हाक मारताना आपण थोरल्याला ‘दादा’ म्हणतो आणि धाकट्याला नावाने बोलावतो.

काका-मामांची तीच कथा. इंग्रजीचा ‘अंकल’ म्हणजे एक भलेमोठे गाठोडे. त्यात काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा सगळे कोंबलेले. आपण काका आणि मामा ह्यांत कधी घोटाळा करत नाही, आणि चिनी माणूसही करत नाही. तो तर एक पायरी पुढे जातो : वडिलांचा थोरला भाऊ ‘बो’, धाकटा भाऊ ‘शू’. म्हणजे काकाचेही दोन प्रकार, आणि ते वयावरून.

‘कझिन’ शब्दाचा हिशेब तर शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. इंग्रजीत एक ‘कझिन’. मराठीत चुलत, मामे, मावस आणि आते अशी चार नाती, आणि प्रत्येकाचा भाऊ व बहीण. म्हणजे चार दुणे आठ शब्द. चिनीतही आठच शब्द आहेत! पण वाटणी निराळी. तिथे नात्याच्या बाजू दोनच : वडिलांच्या भावांची मुले, जी आपल्याच आडनावाची, ती एका बाजूला, आत्या, मामा आणि मावशी ह्यांची मुले दुसऱ्या बाजूला. आणि प्रत्येक बाजूला थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण. दोन चोक आठ. आपण विचारतो, हा कोणाकडून भाऊ लागतो? चिनी माणूस विचारतो, आडनाव एकच का, आणि थोरला की धाकटा? इंग्रज ह्यांतले काहीच विचारत नाही. तिन्ही समाजांत नाती तीच. पण कुठल्या गोष्टीची नोंद शब्दाने सक्तीने घ्यायची, हे प्रत्येक भाषा आपले आपण ठरवते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. चीनमध्ये १९८० च्या सुमारास एक मूल धोरण आले आणि ते २०१५ अखेरपर्यंत चालले. त्या काळात शहरांतल्या असंख्य मुलांना सख्खा भाऊ नव्हता की सख्खी बहीण. मग ‘गऽगऽ’ आणि ‘जिएजिए’ हे शब्द चुलत-मामे भावंडांना आणि शेजारच्या मुलांना लावले गेले. नाते नसले तरी हाक उरली. आपणही वाटेवरच्या अनोळखी माणसाला दादा म्हणतो आणि भाजीवालीला मावशी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. इंग्रजीत अनोळखी माणसाला ‘ब्रदर’ किंवा ‘अंकल’ म्हणून हाक मारली, तर तो बहुतेक ठिकाणी चमकून पाहील.

आता वयाकडे वळू. ‘हाउ ओल्ड आर यू?’ हा इंग्रजीतला वयाचा प्रश्न. दोन दिवसांचे बाळ असो की नव्वदीचे आजोबा, शब्द तेच. दोन दिवसांच्या बाळालाही ‘ओल्ड’! चिनीत मात्र माणूस पाहून प्रश्न बदलतो. लहान मुलाला ‘किती वर्षांचा?’, बरोबरीच्याला ‘किती मोठा?’, आणि वृद्धाला ‘आपले उच्च आयुष्य किती?’ अशा अर्थाचा अदबीचा प्रश्न. त्यामुळे चिनी विद्यार्थ्याला म्हाताऱ्या पाहुण्यापुढे ‘हाउ ओल्ड’ म्हणताना जीभ अडखळल्यासारखी होते. त्यातून दुसरा घोटाळा असा, की इंग्रज-अमेरिकन लोकांत प्रौढ माणसाला वय विचारणे हेच मुळी उद्धटपणाचे मानतात. चीनमध्ये वय विचारले जाते ते समोरच्याला काय हाक मारायची हे ठरवण्यासाठी, म्हणजे मान राखण्यासाठी. एकाचा आदर तो दुसऱ्याचा आगाऊपणा होतो, तो असा.

वय मोजण्याची जुनी चिनी रीतही ऐकण्यासारखी आहे. तीत मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात, आणि पुढे वाढदिवसाला नव्हे तर चांद्र नववर्षाला एकेक वर्ष वाढवतात. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्री जन्मलेले मूल दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वर्षांचे! सरकारी कागदावर आता वाढदिवसाप्रमाणेच वय लिहितात. पण खेड्यांतली वडील माणसे अजूनही जुन्या रीतीने बोलतात. साठ वर्षांना तिथे ‘ह्वाजिआ’ असा वेगळा शब्द आहे. कारण त्यांचे वर्षांचे चक्र साठ वर्षांनी पुरे होते. आपलीही प्रभव, विभव अशी संवत्सरे साठच, आणि आपणही साठी थाटाने साजरी करतो. सत्तर वर्षांसाठी चिनीत जो शब्द आहे तो थांग काळातला थोर कवी दू फू ह्याच्या कवितेवरून रूढ झाला. त्याचा भाव असा, की एवढे आयुष्य दुर्मीळच. जिथे म्हातारपणाला अशी मानाची नावे आहेत, तिथल्या माणसाला इंग्रजीचा कोरडा ‘ओल्ड’ कसा वाटत असेल, ह्याची कल्पना करा.

ह्या ‘ओल्ड’ शब्दानेच चिनी विद्यार्थ्याची सगळ्यात जास्त फसगत केली आहे. चिनीत म्हातारा किंवा जुना ह्या अर्थी ‘लाओ’ शब्द आहे. पण तो मानाचा शब्द. ‘लाओशी’ म्हणजे शिक्षक. शिक्षिका बावीस वर्षांची असली तरी ती लाओशीच. कचेरीत आपल्यापेक्षा वडील सहकाऱ्याला, आडनाव वांग असेल तर, ‘लाओ वांग’ म्हणतात आणि तरुणाला ‘शिआओ वांग’, म्हणजे छोटा वांग. ‘लाओ’ हा शब्द आडनावाच्या पुढे न लावता मागे लावला, ‘वांग लाओ’ असे म्हटले, तर मान आणखी वाढतो. तो फार थोर विद्वानांना किंवा पुढाऱ्यांना देतात. आता ह्याचे शब्दशः इंग्रजी ‘ओल्ड वांग’ केले, तर आदर राहतो बाजूला आणि थट्टा केल्यासारखे होते. इंग्रजी बोलणाऱ्या समाजात ‘ओल्ड’ शब्द माणसाला लावणे टाळण्याकडे कल आहे. म्हणून तर अमेरिकेत १९३० च्या दशकात ‘सीनियर सिटिझन’ हा गुळगुळीत शब्दप्रयोग पुढे आला. त्याचेच मराठी रूप म्हणजे आपल्या एस.टी.च्या तिकिटावरचे ‘ज्येष्ठ नागरिक’.

‘सीनियर’ शब्द आला आहे तर त्याचे मूळही पाहू. लॅटिन भाषेत ‘सेनेक्स’ म्हणजे वृद्ध; त्यावरून ‘सीनियर’ म्हणजे अधिक वृद्ध. आपल्या संस्कृतातला ‘सन’, म्हणजे जुना, हा शब्द त्याच कुळातला. ‘सनातन’ मध्ये तो आजही भेटतो. ‘ज्यूनियर’चे मूळ लॅटिन ‘युवेनिस’, आणि तो तर आपल्या ‘युवन्’चा सख्खा भाऊच. विद्यापीठाची ‘सिनेट’ म्हणजे मुळात वृद्धांची सभा. इतकेच काय, गोव्यात १५१० ते १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलात ऐकू येणारा ‘सेन्योर’ आणि आपल्या शाळेतला ‘सर’ हे दोन्ही शब्द ह्याच ‘सीनियर’ची नातवंडे आहेत. ‘सर’ म्हणजे मुळात थोरला! म्हणजे इंग्रजीतही वय आणि मान ह्यांचे लग्न पूर्वी लागलेच होते. पुढे लोक ते विसरले.

ह्या मुळातून एक व्याकरणाचा नियम निघतो. तो चीनच्या वर्गात शिकवतात आणि आपल्याही. ‘सीनियर’ आणि ‘ज्यूनियर’ ही लॅटिनमध्ये मुळातच तुलनेची रूपे आहेत; म्हणून त्यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो. ‘सुपीरियर’ आणि ‘इन्फीरियर’ ह्यांचेही तसेच. ‘एल्डर’ आणि ‘ओल्डर’ ह्यांतला फरकही असाच शिकवावा. दोन्ही एकाच जुन्या इंग्रजी शब्दाची रूपे. ‘एल्डर’ जुने, ‘ओल्डर’ मागून आलेले. ‘एल्डर’ घरातल्या माणसांपुरता उरला आणि तोही नामाच्या आधीच येतो : ‘माय एल्डर ब्रदर’. ‘एल्डर दॅन मी’ मात्र चालत नाही. तिथे ‘ओल्डर’च पाहिजे. बापलेकांचे नाव एक असले, तर इतिहासात ‘एल्डर’ आणि ‘यंगर’ लावतात. इंग्लंडचा थोरला विल्यम पिट १७०८ ते १७७८ मधला. त्याचा मुलगा धाकटा पिट १७८३ साली चोविसाव्या वर्षीच पंतप्रधान झाला. आपण थोरले बाजीराव, थोरले माधवराव म्हणतो, तसेच हे.

पण ‘सीनियर’ शब्दाला आज तीन-चार धनी आहेत, आणि त्यातून गैरसमज होतात. कचेरीत सीनियर म्हणजे हुद्द्याने वरचा. अमेरिकन महाविद्यालयात सीनियर म्हणजे चौथ्या, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, आणि ज्यूनियर म्हणजे तिसऱ्या वर्षाचा. आणि नुसते ‘सीनियर्स’ म्हटले तर म्हातारी माणसे. चिनी विद्यार्थ्याला वरच्या वर्गातल्या मुलासाठी शब्द हवा असतो, कारण त्याच्या भाषेत तो आहे : ‘श्वेजांग’, म्हणजे शिक्षणातला वडील. एकाच गुरूच्या शिष्यांतही जो आधी आला तो थोरला गुरुबंधू, मग वय काही असो. तो इंग्रजीत म्हणतो, ‘ही इज माय सीनियर’. आपल्याकडेही कॉलेजातली मुले अगदी हेच म्हणतात. इंग्रजाला त्याचा नीट बोध होत नाही. तो साधेपणाने म्हणतो, ‘तो शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होता’, आणि विषय संपतो. त्याच्या मनात त्या एका वर्षाने मानपानाचे नाते तयार होत नाही. आपल्या मराठीने इथे चांगली सोय केली आहे. वयाने किंवा सेवेने पुढे तो ज्येष्ठ, हुद्द्याने वर तो वरिष्ठ. ‘सेवाज्येष्ठता’ आणि ‘वरिष्ठ अधिकारी’ हे दोन शब्द शेजारी ठेवले, की ‘सीनियर’ची गाठ सुटते.

‘ज्यूनियर’ने चिनी माणसाला आणखी एक धक्का बसतो. अमेरिकेतले निग्रोमुक्तीचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग ज्यूनियर. ज्यूनियर कशासाठी? तर वडिलांचेही नाव तेच. मुलाला बापाचे नाव ठेवायचे, आणि तो अभिमान मानायचा! चीनची परंपरा नेमकी उलटी. तिथे वाडवडिलांचे नाव मुलाला ठेवणे म्हणजे त्यांचा अवमान. त्यांचे नाव उच्चारणेही टाळायचे. हान घराण्याचा संस्थापक सम्राट ल्यू बांग ह्याच्या नावातले ‘बांग’ अक्षर प्रजेला वापरता येईना, तेव्हा त्याऐवजी ‘राष्ट्र’ ह्या अर्थाचे दुसरे अक्षर वापरात आले. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत आहेच. पण सून ते नाव घेऊन ओरडत नसे, त्या मुलाला घरात दुसऱ्याच नावाने हाक मारत, हे जुन्या माणसांना आठवत असेल. चिनी घराण्यांत नावापेक्षा पिढी दाखवण्यावर भर असतो. एका पिढीतल्या सगळ्या भावंडांच्या नावांत एक अक्षर समान ठेवतात. माओ झ-तुंग, माओ झ-मिन आणि माओ झ-तान हे तिघे सख्खे भाऊ. ‘झ’ हे त्यांच्या पिढीचे अक्षर. नाव ऐकताच माणूस कुठल्या पिढीचा, हे घराण्यातल्यांना कळते. पिढी वयापेक्षाही श्रेष्ठ. पुतण्यापेक्षा लहान असलेला काकाही काकाच. आपल्या गावच्या भावकीत हे उदाहरण मिळायला फार लांब जावे लागणार नाही.

आता घरातून कचेरीत जाऊ. चिनीत आडनावापुढे हुद्दा लावून हाक मारतात : ‘ली शिक्षक’, ‘वांग व्यवस्थापक’, ‘जांग अभियंता’. आपणही ‘पाटील गुरुजी’, ‘देशमुख वकील’ म्हणतोच. म्हणून चिनी मुलगा वर्गात हात वर करून ‘टीचर!’ म्हणतो, किंवा ‘टीचर ली’. पण इंग्रजीत प्रत्येक धंद्याला हा मान नाही. ‘डॉक्टर’, ‘प्रोफेसर’, ‘जज्ज’, ‘कॅप्टन’ एवढ्या थोड्यांनाच तो मिळाला. ‘टीचर’, ‘मॅनेजर’, ‘इंजिनियर’ ह्यांना मिळाला नाही. तिथे ‘मिस्टर ली’ किंवा ‘मिस ली’ म्हणायचे. ‘टीचर’ अशी हाक इंग्रजाला ‘ए शिक्षका!’ म्हटल्यासारखी रुक्ष वाटते. मुलाच्या मनात मात्र आदर काठोकाठ भरलेला असतो.

आपल्या ‘सर’चीही एक गोष्ट इथे सांगून टाकतो. आपण ‘जोशी सर’, ‘कुलकर्णी सर’ म्हणतो. मराठीत ते रूढ आणि गोड आहे, त्यात वावगे काही नाही. पण इंग्रजीत नावाला ‘सर’ लागतो तो सरदारकी मिळालेल्याला, नावाच्या आधी, आणि तोही पहिल्या नावाला. न्यूटनला १७०५ साली तो किताब मिळाला. तेव्हा तो ‘सर आयझॅक’ झाला, ‘सर न्यूटन’ झाला नाही. इंग्रजी पत्रात ‘जोशी सर’ लिहिले, तर वाचणारा बुचकळ्यात पडेल.

दुय्यम अधिकाऱ्याचे शब्द तर आणखी अवघड. चिनीत एक ‘फू’ हा उपसर्ग सगळीकडे चालतो, जसा आपला ‘उप’. उपसरपंच, उपाध्यक्ष, उपजिल्हाधिकारी : एकच ‘उप’. इंग्रजीत अध्यक्षाला ‘व्हाइस’, संचालकाला ‘डेप्युटी’, प्राध्यापकाला ‘असोसिएट’, आणि आणखी कुठे ‘असिस्टंट’. चिनी विद्यार्थी सरसकट ‘व्हाइस’ लावतो आणि ‘व्हाइस प्रोफेसर’ असा जगात नसलेला प्राणी तयार होतो. शिवाय चिनी रिवाज असा, की समोरासमोर बोलताना ‘फू’ गाळून टाकायचा. उपसंचालकाला संचालकच म्हणायचे, म्हणजे त्याला कमीपणा वाटत नाही.

सैन्यातले हुद्दे पाहिले, म्हणजे दोन भाषांच्या स्वभावातला फरक स्वच्छ दिसतो. चिनी सैन्याने १९६५ साली हुद्देच रद्द केले होते. ते १९८८ साली पुन्हा आणले. त्यांची रचना शिडीसारखी सरळ आहे. अधिकाऱ्यांचे तीन वर्ग. वरच्या आणि खालच्या वर्गात वरिष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशा तीन-तीन पायऱ्या, आणि मधल्या वर्गात ह्या तिन्हींच्या वर ‘महा’ ही एक जादा. अक्षर वाचले की पायरी कळली. इंग्रजीत मात्र इतिहासाचे जळमट आहे. मेजर हा लेफ्टनंटच्या वरचा. पण मेजर-जनरल हा लेफ्टनंट-जनरलच्या खालचा! कारण मेजर-जनरल हा मुळात ‘सार्जंट-मेजर-जनरल’ होता. पुढे सार्जंट गळला. आणि लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा सांभाळणारा. जनरलची जागा सांभाळतो तो लेफ्टनंट-जनरल, म्हणून तो वर. ‘कॅप्टन’चेही तसेच : भूदलात तो मेजरच्या खाली, पण नौदलात कर्नलच्या बरोबरीचा. चिनी भाषांतरकार ‘कॅप्टन’ शब्द पाहिला, की आधी विचारतो, जमिनीवरचा की पाण्यावरचा? की संघाचा?

मग इंग्रजीत आदर नाहीच का? आहे, पण तो वेगळ्या जागी ठेवला आहे. चिनीत ‘नी’ म्हणजे तू आणि ‘निन’ म्हणजे आपण. इंग्रजीतही पूर्वी ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा तू-तुम्हीचा भेद होता. पुढे ‘तू’ मागे पडला आणि सगळ्यांना ‘तुम्ही’च राहिले. कुणालाच वेगळा मान उरला नाही, म्हणून मान वाक्याच्या बांधणीत गेला. ‘दार लाव’ न म्हणता ‘जरा दार लावता येईल का?’ असे विचारायचे. ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ विसरायचे नाही. आणि हे धाकट्यालाही, नोकरालाही म्हणायचे. चिनी आणि मराठी माणूस आदर हाकेत ठेवतो. ‘दादा, दार लाव’ म्हटले, की आपल्या मते आदर झाला. इंग्रज ऐकणाराला ‘दादा’ कळत नाही. त्याला नुसते ‘दार लाव’ ऐकू येते, आणि तो म्हणतो, हे लोक हुकूम सोडतात. उलट इंग्रज माणूस वयोवृद्ध चिनी प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारतो, तेव्हा त्याच्या मनात जवळीक असते. पण ऐकणाराला वाटते, ह्याला घरात कोणी वळण लावले नाही.

अशा गैरसमजाने नोकरीच्या मुलाखती फसतात, पाहुणे दुखावतात, आणि हुशार मुले वर्गात तोंड मिटून बसतात. शिक्षकांनी म्हणून एक साधी गोष्ट करावी. ‘बिगर’, ‘टीचर’, ‘माय सीनियर’ असा शब्द मुलाने वापरला, तर तो दुरुस्त जरूर करावा. पण त्याआधी एक मिनिट थांबून त्याला विचारावे, तू आपल्या भाषेत काय म्हणणार होतास? उत्तर मिळाले, की फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आणि कोणती भाषा कशाची नोंद घेते आणि कशाची घेत नाही, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. दादा, काका, मामा, आते, मावस एवढ्या घरच्या शब्दांवर एक अख्खा तास रंगेल, आणि नियम पाठ न करता ध्यानात राहील.

आणि ज्या घरांत शिकणारी मुले आहेत, त्या घरांतल्या वडील मंडळींना एवढेच सांगणे, की मुलगा इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’ म्हणू लागला म्हणून त्याचे वळण बिघडले असे समजू नका. त्या भाषेतली अदब त्याला शिकू द्या. आणि घरात दादाला दादा, आत्याला आत्या म्हणायची आपली रीतही त्याच्याकडून सुटू देऊ नका. एका माणसाच्या पदरी अदबीच्या दोन तऱ्हा असल्या, तर त्याचे काही बिघडत नाही. परक्या मुलखात गेला तरी कोणापुढे कसे बोलावे, हे त्याला कळते.